डावातील बोलणे (पत्ते व ऑनलाइन पोकर)

डाव चालू असताना हातातल्या किंवा टाकून दिलेल्या पानांविषयी बोलू नये, हा पत्त्यांतील संकेत. मराठवाड्यात तो मेंढीकोटामुळे अंगवळणी पडलेला असतो. लिंबाखालच्या डावात समोरच्या भिडूला खुणावणाऱ्याला रडी खेळतो असेच म्हणतात. पोकरमध्ये भिडूच नसतो, त्यामुळे बंधन अधिक कडक आहे. ज्याचा डाव त्यानेच खेळायचा, सल्ला द्यायचा नाही आणि घ्यायचाही नाही.

टाकलेले पान खेळातून जाते, पण त्याची माहिती मोलाची राहते. टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात हातात दोन व पटावर सर्वांसाठी उघडी तीन पाने असून त्यांत चार बदाम आहेत, आणि एकाच रंगाची पाच पाने जुळायला आणखी एक बदाम हवे असे समजू. न दिसलेल्या 47 पानांत 9 बदाम, म्हणजे पुढचे पान बदाम निघण्याची शक्यता सुमारे 19 टक्के. पॅक झालेल्या, म्हणजे पाने टाकून डाव सोडलेल्या, कोणी चॅटमध्ये ‘मी दोन बदाम टाकले’ असे लिहिले, की 45 पानांत 7 उरतात व शक्यता 16 टक्क्यांच्या खाली येते. लिहिणाऱ्याचे काही जात नाही. डाव मात्र तिसऱ्याचा बिघडतो.

चॅट निदान सर्वांना दिसते. फोनवरून एकमेकांना पाने कळवणे, एकाच माणसाने दोन खाती चालवणे, मित्राकडे मुद्दाम चिप्स (डावात लावायच्या चकत्या) हरणे हे प्रकार अधिक घातक होत. प्रत्येक डावाची नोंद राहत असल्याने ते पुढे उघडकीस येऊ शकतात.

पोकर कौशल्याचा की नशिबाचा, म्हणजेच तो जुगार ठरतो की नाही, याविषयी मतभेद आहेत. हैदराबादचा जुगार कायदा 1305 फसलीचा (इ. स. सुमारे 1895-96), मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता. याच कायद्याखालील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवले, तीन पानी फ्लशला मात्र निव्वळ नशिबाचा. पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, हे त्यामागचे एक कारण. पोकरविषयी गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये प्रतिकूल, तर कोलकाता उच्च न्यायालयाने 2019 मध्ये अनुकूल भूमिका घेतली. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र पाने स्वतः ताडली असतील तरच ते लागू पडते, कोणी सांगितलेल्या पानांवर खेळणाऱ्याला नव्हे.

ऑगस्ट 2025 मधील केंद्रीय कायद्याने, कौशल्य व नशीब असा भेद न करता, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली.