संरक्षण क्षेत्रातील रॅपिड प्रोटोटायपिंग

रॅपिड प्रोटोटायपिंग : शस्त्राचा, वाहनाचा किंवा उपकरणाचा आराखडा शेवटच्या स्क्रूपर्यंत पक्का होण्याची वाट न पाहता हाताळता, चालवता किंवा डागता येईल असा नमुना थोड्या दिवसांत उभा करायचा, तो वापरणाऱ्याच्या हाती द्यायचा आणि सापडलेल्या चुका पुढच्या नमुन्यात काढायच्या, अशी विकासाची पद्धत. परिभाषेत तिला शीघ्र आदिरूपण म्हणता येईल. पुणे-पिंपरीच्या कारखान्यांत मात्र ‘प्रोटो’ एवढेच म्हणतात. थ्री-डी प्रिंटर म्हणजेच रॅपिड प्रोटोटायपिंग, हा समज अर्धाच खरा आहे. ही पद्धत प्रिंटरपेक्षा बरीच जुनी आहे.

लॉकहीड कंपनीच्या क्लॅरेन्स ‘केली’ जॉन्सनच्या चमूने १९४३ मध्ये एक्सपी-८० हे जेट लढाऊ विमान १४३ दिवसांत उभे केले. पुढे ‘स्कंक वर्क्स’ या नावाने गाजलेल्या विभागाची ही सुरुवात. माणसे मोजकी, कागदपत्रे कमी आणि ड्रॉइंग करणारा इंजिनिअर कारागिरांच्या हाकेच्या अंतरावर, असा तिथला खाक्या होता. रडारला चकवणाऱ्या विमानाची कल्पना तपासण्यासाठी याच विभागाने ‘हॅव ब्लू’ नावाची दोन छोटी विमाने बनवली. नवे काय ते फक्त आकारात. बाकी बरेच भाग इतर विमानांतून उचललेले. पहिले उड्डाण डिसेंबर १९७७ मध्ये झाले. १९७८ आणि १९७९ मध्ये दोन्ही विमाने कोसळली, तरी कार्यक्रम गुंडाळला गेला नाही. आकार रडारला खरोखर चकवतो, हे कळले होते, आणि नमुन्याकडून तेवढेच हवे होते. त्यातून घडलेले एफ-११७ हे रडारला चकवणारे लढाऊ विमान जून १९८१ मध्ये उडाले.

घाईचे सर्वांत टोकाचे उदाहरण आखाती युद्धातले. इराकचे खोल भूमिगत बंकर अमेरिकेच्या हाताशी असलेल्या बॉम्बना दाद देईनात. जाड पोलादाचे लांब कवच नव्याने ओतायला वेळ नव्हता. तेव्हा न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरव्हलिएट शस्त्रागारात पडून असलेल्या आठ इंची हॉवित्झर तोफांच्या जुन्या नळ्या कापून, आतून कातून बॉम्बची कवचे करण्यात आली. फ्लोरिडातल्या एग्लिन तळावर ही कवचे जमिनीत खड्डा करून उभी पुरली आणि वितळलेले स्फोटक बादल्यांनी आत ओतले. लेझर मार्गदर्शनाची जोडणी आधीच्या बॉम्बवरून घेतली. २४ फेब्रुवारी १९९१ रोजी नेवाडात टाकलेला नमुना जमिनीत तीस मीटरहून खोल घुसला. तो उकरून काढण्याच्या भानगडीत कोणी पडले नाही. दोनच दिवसांनी रॉकेट-स्लेडवरच्या, म्हणजे रुळांवरून रॉकेटने ढकलल्या जाणाऱ्या गाड्यावरच्या, चाचणीत दुसरा नमुना सहा मीटरहून जाड काँक्रीट भेदून गेला. २७ फेब्रुवारीला दोन बॉम्ब बगदादजवळच्या अल-ताजी तळावर टाकले गेले. त्यातला एक चुकला, एक लागला. अशा या बंकरभेदी बॉम्बचे नाव जीबीयू-२८. यात नवे तंत्रज्ञान जवळजवळ नव्हतेच. होती ती भंगारातून नेमके काय उचलायचे याची जाण.

प्रिंटरची बाजू १९८० च्या दशकात आली. चक हल याने १९८४ मध्ये स्टिरिओलिथोग्राफीच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते १९८६ मध्ये मिळाले. अतिनील प्रकाशाने द्रव रेझिन थराथराने घट्ट करायचे, हे त्याचे तत्त्व. पुढे टेक्सास विद्यापीठात पावडर लेझरने सांधण्याची पद्धत विकसित झाली, आणि धातूची बारीक पूड वितळवून थेट पोलादी भाग करण्यापर्यंत मजल गेली.

बंदुकीच्या घोडा-यंत्रणेत याचा फायदा चटकन दिसतो. हातोडीला अडवून धरणारी खाच अंशभर इकडेतिकडे झाली, तर घोडा जड होतो किंवा नको तेव्हा सुटतो. नेहमीच्या मार्गाने असा भाग ओतून घ्यायचा तर आधी डाय, म्हणजे साचा, हवी, आणि डाय म्हटली की काही आठवडे गेले. प्रिंटरवर एकाच प्लेटवर वेगवेगळ्या कोनांचे पाच-सहा तुकडे एका रात्रीत निघतात. ते निघतात तेव्हा पॉलिश पेपरसारखे खरखरीत असतात. वायर-कटवर (विजेच्या तारेने धातू कापणारे यंत्र) प्लेटपासून सोडवायचे, हीट ट्रीटमेंट करायची, धार घासून घ्यायची, मग बसवून पाहायचे. कोणता कोन बरोबर, याचा निर्णय शेवटी बंदूक चालवणाऱ्याचे बोट देते.

पुण्याच्या पाषाण भागातल्या एआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने महूच्या इन्फंट्री स्कूलबरोबर केलेले ‘अस्मी’ हे नऊ मिलिमीटरचे मशीन पिस्तूल याच वाटेने आले. जानेवारी २०२१ मध्ये ते जाहीर झाले, तेव्हा विकासाला फक्त चार महिने लागल्याचे सांगण्यात आले. वरचा रिसीव्हर, म्हणजे यंत्रणा सामावणारा सांगाडा, विमानांत वापरतात त्या दर्जाच्या ॲल्युमिनियमचा, खालचा कार्बन फायबरचा. घोड्याचे काही भाग धातूच्या थ्री-डी प्रिंटिंगने केलेले. गोळी लष्करात आधीपासून असलेलीच, म्हणजे दारूगोळ्याचा वेगळा प्रश्न नाही. प्रिंटरचे कौतुक झाले आणि ते रास्तही होते. पण सैनिक आणि डिझायनर पहिल्या दिवसापासून एकत्र बसले, हे चार महिन्यांचे अधिक मोठे कारण मानावे लागेल. तेजस विमानाला १९८३ मध्ये मंजुरी मिळाली आणि पहिले उड्डाण २००१ मध्ये झाले. विमानाची पिस्तुलाशी तुलना करणे अन्यायाचे आहे हे खरे. तरी अपेक्षा कागदावर लिहून वर्षानुवर्षे इकडून तिकडे पाठवण्याची रीत दोघांच्याही आसपास होतीच.

नमुना आणि तयार माल यांत अंतर असते. प्रिंट केलेल्या धातूची ताकद थरांच्या दिशेने आणि थरांना आडवी सारखी नसते. आत सूक्ष्म पोकळ्या राहिल्या तर तडा तिथून सुरू होतो. शंभर गोळ्या झेललेला भाग पाच हजार झेलेलच असे नाही. शिवाय राजस्थानचा उन्हाळा, लडाखची थंडी, धूळ, आपटणे, भिजणे यांच्या चाचण्या संगणकावर उरकत नाहीत. भारतात लष्करी इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी जेएसएस ५५५५५ हे मानक आहे. त्यानुसार उष्णता, थंडी, धूळ यांच्या चाचणी-चेंबरमध्ये नमुन्याला ठरलेले तास काढावेच लागतात. तिथे घाई चालत नाही, आणि चालूही नये.

पैशाची व्यवस्था हा वेगळाच विषय. अमेरिकेने २०१६ च्या संरक्षण कायद्यातील कलम ८०४ नुसार पाच वर्षांच्या आत नमुना उभा करण्यासाठी नेहमीच्या खरेदीपेक्षा मोकळी वाट काढली. भारतात २०१८ पासूनच्या आयडेक्स योजनेत नवउद्योगांना नमुन्यासाठी दीड कोटी रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागले; २०२४ च्या ‘अदिती’ योजनेत ही मर्यादा २५ कोटींपर्यंत गेली. संरक्षण खरेदीतल्या, देशातच उपकरण विकसित करण्याच्या ‘मेक’ पद्धतीच्या मेक-१ प्रकारात नमुन्याच्या खर्चाचा ७० टक्क्यांपर्यंत भार सरकार उचलते, मेक-२ मध्ये उद्योगाने स्वतःच्या खिशातून करायचे. छोट्या कारखानदाराला खरी धास्ती असते ती नमुना पास झाल्यानंतरच्या शांततेची. प्रोटो तयार, पोरे कामाला लावलेली, बँकेचे व्याज चालू आणि ऑर्डरचा पत्ता नाही.

अस्मीच्या बाबतीतही नमुना चार महिन्यांत झाला. लष्कराच्या उत्तर कमांडसाठी ५५० पिस्तुलांची ऑर्डर हैदराबादच्या लोकेश मशीन्स कंपनीला मिळाली ती २०२४ मध्ये.