जिनिंगमधला जुना कंप्युटर म्हणजे फरदडच

फरदड म्हणजे काय हे आपल्या कापूस पट्ट्यात कोणाला सांगायची गरज नाही. हंगाम संपला तरी पऱ्हाटी उपटायची नाही, अजून एक-दोन वेचे निघतील म्हणून पाणी देत राह्यचं, अन गुलाबी बोंडअळीला तेवढंच पाहिजे असते, बोंडं मिळत गेली की तिचं चक्र तुटतच नाही अन पुढच्या हंगामात ती शेजाऱ्याच्या वावरातही घुसते. २०१७ मध्ये विदर्भात तिनं काय हाल केले ते सगळ्यांना आठवते.

अपडेट न केलेला जुना कंप्युटरही असाच. २०१७ मध्येच १२ मे ला वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप लावून पैसे मागणारा प्रोग्राम, सुटला. दीडशेच्या आसपास देश, दोन लाखाच्या वर कंप्युटर, इंग्लंडच्या सरकारी दवाखान्यांत ऑपरेशनं रद्द करावी लागली. कोणी चुकीची लिंक दाबायचीही गरज नव्हती, एका कंप्युटरमधून नेटवर्कवरच्या दुसऱ्यात तो आपोआप जायचा. अन विंडोजमधलं ज्या भोकातून तो जायचा ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच काढला होता! दोन महिने हातात होते.

आता "चालून राह्यलं ना, मग कायले अपडेट करता" असं म्हणतात त्यांनी हे समजून घ्या. अपडेट आला की चोरही तो उघडतात, जुना कोड अन नवा कोड शेजारी ठेवून काय बदललं ते पाहतात, म्हणजे भोक नेमकं कुठं होतं ते त्यांना कळते. म्हणून अपडेट निघाल्यानंतरचे दिवसच जास्त धोक्याचे. अन विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यातली नवीन भोकं आता आपोआप बुजत नाहीत.

आमच्या ओळखीच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, ऐन डिसेंबरात असंच झालं, सकाळी मुनीमजीनं कंप्युटर लावला तर एकही फाइल उघडेना अन स्क्रीनवर पैशाची मागणी. बॅकअप होता हो, पण पेनड्राइव्ह चोवीस तास मशीनलाच लावलेला, तोही लॉक झाला. गेटवर गाड्यांची रांग, शेतकऱ्यांच्या पैशाचे चुकारे अडले, शेवटी वजनाच्या काटापट्ट्यांच्या कार्बन कॉप्या काढून रात्र-रात्र बसून हिशोब परत मांडला. त्या फाइलींची किल्ली चोराकडेच असते अन कुलूप इतकं पक्कं की गावातला रिपेअरवाला तर सोडाच, मोठ्या लॅबलाही बहुतेक वेळा तोडता येत नाही. म्हणून बॅकअप झाला की पेनड्राइव्ह काढून कपाटात ठेवा. दोन ठेवले तर लय बरं, आलटून पालटून वापरा.

वजनकाट्याचा कंप्युटर बदलता येत नसेल, कारण त्याचं सॉफ्टवेअर जुन्या विंडोजवरच चालते, तर त्याचं इंटरनेट काढून टाका अन ऑफिसच्या वायफायपासूनही त्याला वेगळा ठेवा.

हे सगळं हंगामात करू नका मात्र. पावसाळ्यात जिनिंग बंद असते, तेव्हा रोलर बदलतो, बेल्ट पाहतो, त्याच आठवड्यात कंप्युटरवाल्यालाही बोलवा. अन तो जायच्या आधी कपाटातला पेनड्राइव्ह दुसऱ्याच एखाद्या मशीनला लावून मागच्या हंगामातला कोणताही एक चुकारा त्याच्याकडून शोधून घ्या, सापडते का ते तिथंच उभं राहून पाहा.