लघवीतले स्फटिक आणि मुतखडा : एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

द्राक्षबागांची खरड छाटणी एप्रिलमध्ये येते, नेमका नाशिकचा पारा चाळिशीकडे सरकतो तेव्हा. दिंडोरी-निफाडकडे दिवसभर उन्हात राबणाऱ्यांचा घाम खूप जातो, पाणी मात्र कमी प्यायलं जातं. उन्हाळी लागली म्हणून लघवी तपासावी, तर रिपोर्टवर ओळ येते, ‘कॅल्शियम ऑक्झलेट क्रिस्टल्स : प्रेझेंट’. लगेच घरात कुळथाचं कढण रटरटायला लागतं. खरं तर असे स्फटिक धडधाकट माणसाच्या लघवीतही अधूनमधून दिसतात. मग खडा काहींनाच का धरतो?

सुश्रुतसंहितेने यावर दृष्टांत दिला आहे. नव्या घड्यात स्वच्छ पाणी भरून ठेवलं तरी कालांतराने तळाशी गाळ बसतोच. अश्मरी, म्हणजे मुतखडाही, तशीच होते. पण तो गाळ कशाचा, हे सांगायला रसायनशास्त्र यावं लागलं. १७७६ साली शीले या स्वीडिश रसायनज्ञाला मूत्राशयातल्या खड्यांत युरिक आम्ल सापडलं. १८१० मध्ये वोलॅस्टन या इंग्रज रसायनज्ञाने सिस्टीन या अमिनो आम्लाचा खडा ओळखला. आज सर्वाधिक आढळतो तो कॅल्शियम ऑक्झलेटचा.

लघवी दाट झाली की ही द्रव्यं विरघळलेली राहत नाहीत, त्यांचे कण बनतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यातला एक प्रकार चौकोनात फुली मारल्यासारखा दिसतो. इथवर सोपं आहे. पेच पुढे आहे, कारण मूत्रपिंडाच्या नळ्यांतून लघवी काही मिनिटांतच खाली उतरते. १९७८ मध्ये फिनलेसन आणि रीड या संशोधकांनी हिशेब मांडला की एवढ्या वेळात सुटा स्फटिक नळीत अडकण्याइतका मोठा होणं कठीण. तो कुठेतरी चिकटून बसलेला हवा. ही जागा अलेक्झांडर रँडल या अमेरिकन शल्यविशारदाने १९३७ मध्येच दाखवली होती. शवविच्छेदनातली मूत्रपिंडं तपासताना त्यांच्या आतल्या टोकांवर त्याला कॅल्शियमचे पांढुरके चट्टे आढळले, आणि काही चट्ट्यांवर चक्क बारीक खडे धरलेले होते. नंतरच्या संशोधनात असं दिसलं की हे चट्टे त्या टोकांच्या अस्तराखाली तयार होतात. अस्तर उघडं पडलं की त्यांवर ऑक्झलेटचे थर चढतात. सगळे खडे याच वाटेने होतात असं मात्र नाही. काही वेळा स्फटिक एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि नळीच्या तोंडाशीच अडकतात.

लघवीतलं सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवतं, त्याला ऑक्झलेटशी जुळू देत नाही, आणि लिंबातून सायट्रेट मिळतं, म्हणून लिंबूपाण्याचा सल्ला निराधार नाही. त्यात मीठ मात्र बेताचंच हवं, कारण मिठाने लघवीतलं कॅल्शियम वाढतं. कढणाने खडा विरघळतो असं मी म्हणणार नाही, पण त्या निमित्ताने पोटात पाणी जातं. पाण्याचा पुरावा भक्कम आहे: १९९६ च्या इटलीतल्या अभ्यासात भरपूर पाणी पिणाऱ्यांपैकी १२ टक्क्यांना पाच वर्षांत पुन्हा खडा झाला, इतरांपैकी २७ टक्क्यांना.

रिपोर्टचं म्हणाल तर, सकाळी घरून बाटलीत आणलेला नमुना दुपारपर्यंत तसाच राहिला किंवा फ्रीजमध्ये ठेवला, तर स्फटिक बाटलीतही बनतात. शंका असेल तर ताजा नमुना देऊन तपासणी पुन्हा करून घ्यावी.