पाटी बोटांना सापडली पाहिजे

इमारतीतली पाटी दृष्टिहीनांनाही वाचता यावी म्हणून ती ब्रेलमध्ये, म्हणजे बोटांनी वाचायच्या उठावाच्या ठिपक्यांच्या लिपीतही लिहितात. ब्रेलच्या एका घरात सहा ठिपक्यांची जागा असते. डाव्या रांगेत वरून खाली १, २, ३ आणि उजव्या रांगेत ४, ५, ६. सोलापूरच्या जॅकार्ड मागावर पुठ्ठ्यातलं एक भोक चुकलं की चादरीची नक्षी बिघडते, इथे एक ठिपका गळला की अक्षर बदलतं. ‘प’ म्हणजे १-२-३-४. त्यातला चौथा निसटला की उरतो ‘ल’, आणि ‘पाणी’चं ‘लाणी’ होतं.

मराठीसाठी भारती ब्रेल, म्हणजे भारतीय भाषांसाठीचं ब्रेल वापरतात. त्यात मात्रेलाही स्वतंत्र घर लागतं. ‘सोलापूर’ लिहायला स, ओ, ल, आ, प, ऊ, र अशी सात घरं, म्हणजे चार-साडेचार सेंटिमीटर जागा पुरते. पाटी मोठी म्हणून ब्रेलही मोठं काढणारे पेंटर भेटतात, पण ते वाचताच येत नाही. एक घर बोटाच्या टोकाखाली एका वेळी मावलं पाहिजे. दोन ठिपक्यांत सुमारे २.५ मिलिमीटर अंतर, उंची ०.६ ते ०.९ मिलिमीटर आणि माथा गोलसर, हे माप सोडायचं नाही. छापून वर लॅमिनेशन केलेलं ब्रेल तर निव्वळ डोळसांसाठीची शोभा.

जोडाक्षरात हमखास घोटाळा होतो. ब्रेलमध्ये हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडण्याची खूण (ठिपका ४), अक्षराच्या आधी येतो. ‘प्रवेश’ लिहिताना आधी ठिपका ४, मग प, र, व, ए, श. कॉम्प्युटरच्या देवनागरीत तो ‘प’नंतर असतो, त्यामुळे अक्षरामागे अक्षर बदलत गेलं की क्रम चुकतो. पाटी उलटी ठोकली तर ‘क’चा ‘ख’ होतो आणि ‘प’चं अंकचिन्ह, म्हणजे पुढे आकडा आहे असं सांगणारी खूण. फिटिंगवाल्याला हे दिसणार नाही, म्हणून मागच्या बाजूला बाण काढून द्यावा.

आता जागा. सिव्हिल हॉस्पिटलसारख्या मोठ्या इमारतीत पन्नास दारं असतील, तर प्रत्येक पाटी एकाच ठिकाणी हवी: कडीच्या बाजूच्या भिंतीवर, जमिनीपासून १.२ ते १.५ मीटरवर. दारावरच लावली तर वाचणाऱ्याच्या तोंडावर दार उघडतं. पाटीखाली बाकडं किंवा कुंडी नको, हात पोचत नाही. सगळ्यांना ब्रेल येतं असंही नाही. उतारवयात दृष्टी गेलेल्यांसाठी उठावाची मोठी अक्षरं, आणि अंधुक दिसणाऱ्यांसाठी गडदावर फिकट रंग, तोही बिनचकाकीचा.

बाहेरच्या पाटीला स्टील नको. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो, आणि धातू उष्णता झटकन बोटाला देतो. तितक्याच तापलेल्या प्लास्टिकचा चटका कमी बसतो. सावलीची भिंत मिळाली तर उत्तमच.

पाटीपर्यंत नेतात त्या जमिनीवरच्या उंचवट्यांच्या पिवळ्या टाइल्स. जपानमध्ये सेइइची मियाके यांनी त्या शोधल्या आणि १९६७ मध्ये ओकायामात पहिल्यांदा बसवल्या गेल्या. लांब उंचवट्यांची टाइल म्हणजे चालत राहा, गोल उंचवट्यांची म्हणजे थांबा, पुढे काहीतरी आहे. जिन्याच्या पहिल्या पायरीच्या साधारण ३० सेंटिमीटर आधी गोलवाली हवी. सरळ वाटेवर शोभेसाठी गोलवाल्याच पसरल्या की माणूस पावलागणिक थांबतो. जिन्याच्या कठड्याच्या टोकाला ‘पहिला मजला’ एवढी ब्रेलपट्टी लावायला फारसा खर्च नाही, तरी ती क्वचितच दिसते.

सगळी ऑर्डर देण्याआधी एकच नमुना करून घ्यावा आणि ब्रेल वाचणाऱ्या व्यक्तीच्या हाती द्यावा, मजकूर आधी न सांगता. भिंतीवर लावल्यावर पुन्हा एकदा, कारण उलटी पाटी तेव्हाच सापडते.