पुरुषांचे हार्मोन आणि सर्म औषधं

सर्म म्हणजे सिलेक्टिव्ह इस्ट्रोजेन रिसेप्टर मॉड्युलेटर. ही औषधं इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशींवर हार्मोन जिथे चिकटतं त्या जागेवर, जाऊन बसतात, काही अवयवांत इस्ट्रोजेनला अडवतात आणि काहींत स्वतःच इस्ट्रोजेनसारखी वागतात. क्लोमिफेन, टॅमॉक्सिफेन ही नेहमीची नावं, लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेत तयार झालेली 'सहेली' ही बायकांची गर्भनिरोधक गोळी पण याच घराण्यातली.

आता इस्ट्रोजेनचा पुरुषांशी काय संबंध असं वाटेल, पण संबंध चांगलाच आहे. पुरुषाच्या शरीरात अरोमाटेज नावाचं एन्झाइम थोड्या टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्राडायॉल (इस्ट्रोजेनचाच मुख्य प्रकार) करतं, चरबी जास्त असेल तर अजून जास्त करतं, आणि मेंदूतलं हायपोथॅलॅमस मुख्यतः ह्या इस्ट्राडायॉलवरूनच ठरवतं की आता पुरे, जीएनआरएच (पिट्युटरी ग्रंथीला चालना देणारं हार्मोन) कमी सोडा. ते कमी झालं की पिट्युटरीतून एलएच, एफएसएच ही वृषणांना कामाला लावणारी हार्मोन कमी येतात आणि वृषणांचं काम मंदावतं. १९९४ साली अमेरिकेत एका २८ वर्षांच्या माणसाची केस छापून आली, त्याचा इस्ट्रोजेन रिसेप्टर जन्मतःच निकामी होता, उंची २०४ सेंमी आणि तरी वाढ चालूच, हाडं ठिसूळ, टेस्टोस्टेरॉन नॉर्मल असूनही एलएच-एफएसएच वाढलेले, म्हणजे इस्ट्रोजेनचा ब्रेक लागतच नव्हता.

क्लोमिफेन नेमका हाच ब्रेक काढतं. मेंदूला इस्ट्रोजेन दिसेनासं होतं, एलएच वाढतो, टेस्टोस्टेरॉन वाढतं, आणि एफएसएच पण वाढल्यामुळे शुक्राणू बनणं चालू राहतं. बाहेरून टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेतलं तर उलटं होतं, एलएच-एफएसएच दबतात आणि स्पर्म काउंट पडतो, म्हणून ज्यांना मूल हवंय त्यांना डॉक्टर क्लोमिफेन देऊन बघतात, बहुतेक २५ मिग्रॅपासून. अर्थात हे ऑफ-लेबल, म्हणजे मंजुरी नसलेल्या कामासाठी, अमेरिकेत १९६७ पासून मंजुरी आहे ती बायकांच्या ओव्ह्युलेशनसाठी. क्लोमिफेनमधला एन्क्लोमिफेन हा कामाचा भाग वेगळा काढून पुरुषांसाठी आणायचा प्रयत्न झाला पण २०१५ मधे एफडीएने (अमेरिकेची औषध नियामक संस्था) मंजुरी नाकारली.

वृषणच खराब असतील, जसं क्लाइनफेल्टर सिंड्रोममधे (पुरुषात जन्मतः एक जास्तीचं एक्स क्रोमोसोम असतं), तर फारसा उपयोग नाही, कारण एलएच आधीच वर असतो. नजर अंधुक होणं, मूड बिघडणं, क्वचित रक्ताची गुठळी असे त्रास होऊ शकतात. जिममधे स्टेरॉइड थांबवल्यावर 'पीसीटी' (पोस्ट सायकल थेरपी, स्टेरॉइडनंतरचा उपचार) म्हणून ह्या गोळ्या सर्रास खातात, तेही टेस्ट न करता, जे धोक्याचंच आहे. खेळाडूंना तर ही औषधं घ्यायला वाडाची (जागतिक उत्तेजकविरोधी संस्था) स्पर्धा असो वा नसो, कायम बंदी आहे, आणि क्लोमिफेनमधला झुक्लोमिफेन हा भाग शरीरात कित्येक आठवडे रेंगाळतो, त्यामुळे गोळी थांबवून बराच काळ गेला तरी लघवीच्या टेस्टमधे सापडू शकतो.