पुंटलँड म्हणजे सोमालीलँड नव्हे

मार्च २०२४ मध्ये आयएनएस कोलकाताने ‘रुएन’ जहाजावरचे ३५ सोमाली चाचे पकडून मुंबईत आणले आणि पोलिसांच्या ताब्यात दिले, ते आठवत असेल. त्या दिवसांत मराठीत जे काही वाचलं-ऐकलं त्यात हे लोक कुठे ‘सोमालीलँडचे’ होते, कुठे ‘सोमालियातून फुटून निघालेल्या पुंटलँड देशाचे’ होते. दोन्ही चूक. आणि एकदाच झालेली चूक नाही ही, दर वेळी होते. सोमालियाची बातमी आली की ही दोन नावं एका पिशवीत टाकून हलवायची आणि हाताला येईल ते लिहायचं. म्हणून एकदा नीट लिहून काढतोय.

सोमालीलँडबद्दल फार लिहीत नाही, ते बऱ्यापैकी माहीत असतं. वायव्येकडचा भाग, राजधानी हर्गेसा, बंदर बर्बेरा, एके काळी इंग्रजांचा मुलूख. (१८९८ पर्यंत त्याचा कारभार एडनमार्फत हिंदुस्थान सरकारच बघायचं, आणि एडन तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यात होतं, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.) २६ जून १९६० ला स्वतंत्र झाला, पाचच दिवसांनी १ जुलैला इटलीच्या ताब्यातून सुटलेल्या दक्षिणेशी स्वतःहून एकत्र आला, आणि पस्तावला. १९८८ मध्ये सोमालियाचा हुकूमशहा सियाद बारे याच्या विमानांनी हर्गेसावर बॉम्ब टाकले, तेही हर्गेसाच्याच विमानतळावरून उडून. त्यातलं पडलेलं एक मिग शहराच्या मधोमध स्मारक म्हणून चढवून ठेवलंय. १९९१ च्या जानेवारीत बारे पळाला, १८ मे ला सोमालीलँडने जाहीर केलं की ती १९६० ची युती संपली. पुढे तीस वर्षांहून जास्त काळ एकाही देशाने त्यांना मान्यता दिली नाही, तरी नोटा त्यांच्या, पासपोर्ट त्यांचा, निवडणुका त्यांच्या. एवढं पुरे.

पुंटलँड म्हणजे आफ्रिकेच्या शिंगाचं टोक, ईशान्येकडचा भाग. राजधानी गरोवे, बंदर बोसासो, स्थापना १ ऑगस्ट १९९८, हा इटलीच्या वाट्याला आलेला मुलूख. झेंडे वेगळे, पैसा वेगळा (पुंटलँडमध्ये सोमाली शिलिंग आणि डॉलर चालतो, सोमालीलँडचा शिलिंग स्वतःचा), राष्ट्राध्यक्ष निवडायची पद्धत वेगळी, म्हणजे सोमालीलँडमध्ये लोक थेट मत देतात आणि पुंटलँडमध्ये प्रतिनिधिगृह निवडतं. हे सगळं कुठेही मिळेल, पाठ करायची गरज नाही. चाच्यांचं पण एका वाक्यात संपवतो: एयल वगैरे कुप्रसिद्ध गावं पुंटलँडच्या किनाऱ्यावरची, होब्यो आणि हरारधेरे त्याच्याही दक्षिणेला, आणि सोमालीलँडने उलट परदेशात शिक्षा झालेले चाचे आपल्या हर्गेसाच्या तुरुंगात ठेवून घेतले.

आता ज्याच्यावर लोक खरोखर घसरतात तिथे येऊ.

पुंटलँडने कधीही ‘आम्ही वेगळा देश’ असं म्हटलेलं नाही. कधीही नाही. सोमालीलँडचं म्हणणं ‘आम्ही सोमालिया नाही’ असं आहे, आणि पुंटलँडचं म्हणणं ‘सोमालिया आमचाच आहे, पण मोगादिशूने (म्हणजे राजधानीतल्या सरकारने) आम्हाला विचारल्याशिवाय काही ठरवायचं नाही’ असं आहे. मुंबईच्या चाळीतल्या भाषेत सांगायचं तर एकाने भाडेकरार फाडून सामान बाहेर काढलंय आणि दुसरा खोली न सोडता चाळ कमिटीशी भांडतोय. ३१ मार्च २०२४ ला पुंटलँडने जाहीर केलं की मोगादिशूच्या संसदेने केलेले घटनाबदल आम्हाला मान्य नाहीत आणि सगळ्या देशाने सार्वमताने घटना मंजूर करेपर्यंत आम्ही आमचा कारभार स्वतंत्रपणे करू. बस, लगेच ‘पुंटलँड स्वतंत्र’ अशा हेडलाइन. अरे पण अट तर वाचा ना. अटच अशी आहे की सोमालियाची घटना नीट झाली पाहिजे. ज्याला देश सोडायचाय तो त्या देशाच्या घटनेसाठी कशाला अडून बसेल?

हे का असं आहे ते सीमा बघितली की कळतं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे, बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

सोमालीलँडची सीमा कागदावरची आहे. १८९४ मध्ये इंग्रज आणि इटालियन लोकांनी करार करून ४९ व्या रेखांशाच्या आधाराने रेघ ओढली, रेघेच्या पश्चिमेचं इंग्रजांचं, पूर्वेचं इटलीचं. तिथे उंट चारत फिरणाऱ्या कोणालाही विचारलं नाही. सोमालीलँड म्हणतं तीच रेघ आमची हद्द, कारण आफ्रिकेत सगळ्याच देशांच्या हद्दी वसाहतीच्या काळातल्या आहेत आणि आम्ही त्यापेक्षा वेगळं काही मागत नाही. कायद्याच्या दृष्टीने हे म्हणणं मला पक्कं वाटतं.

पुंटलँडची सीमा नात्यातली आहे. दारोद या मोठ्या कुळातली हर्ती नावाची शाखा आणि तिच्यातली मजेर्तीन, धुलबहांते, वरसंगेली ही मुख्य घराणी, त्यांची माणसं जिथे राहतात तिथपर्यंत पुंटलँड. म्हणजे एकाची हद्द नकाशावरून ठरते आणि दुसऱ्याची आजोबा-पणजोबांवरून.

आता मजेर्तीन लोक रेघेच्या पूर्वेला, तिथे काही वाद नाही. पण धुलबहांते आणि वरसंगेली बरेचसे रेघेच्या पश्चिमेला, सूल आणि सनाग भागात. नकाशाप्रमाणे सोमालीलँडचे, नात्याप्रमाणे पुंटलँडचे. म्हणूनच तुम्ही कुठलाही नकाशा काढा, या पट्ट्यात तिरक्या रेघा मारलेल्या असतात, किंवा नकाशा काढणाऱ्याने एक बाजू घेऊन टाकलेली असते आणि खाली सांगितलेलं नसतं. या दुसऱ्या प्रकारच्या नकाशांचा मला मनापासून राग आहे, कारण शाळकरी मुलं तेच बघून शिकतात.

या पट्ट्यातलं मुख्य शहर लासानोद. १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये सोमालियाचे राष्ट्राध्यक्ष अब्दिरशीद शर्मार्के यांना इथेच गोळी घातली, आणि आठवड्याच्या आत सियाद बारेने सत्ता घेतली. २००३ च्या अखेरीस पुंटलँडने शहर ताब्यात घेतलं, २००७ मध्ये सोमालीलँडने ते काढून घेतलं. मग २०२३ च्या फेब्रुवारीत शहरात सोमालीलँडविरुद्ध लढाई पेटली. सोमालीलँडच्या सैन्याने बाहेरून तोफा डागल्या, हॉस्पिटललाही मार बसला, लाखाहून जास्त लोक घरं सोडून पळाले, त्यातले कितीतरी इथिओपियात गेले. जे लोक सोमालीलँडला ‘शांततेचं बेट’ म्हणून डोक्यावर घेतात त्यांनी हे महिने वगळू नयेत, मी स्वतः सोमालीलँडच्या बाजूचा माणूस आहे तरी सांगतो. ऑगस्टमध्ये सैन्याला गोजा अद्दे तळ सोडून मागे हटावं लागलं.

पण खरी गंमत नाही, खरा धडा म्हणा हवं तर, तो पुढे आहे. धुलबहांतेंच्या गरादांनी, म्हणजे पारंपरिक प्रमुखांनी, ‘आम्ही पुंटलँडचे’ असं जाहीर केलंच नाही. त्यांनी जाहीर केलं की आम्ही थेट मोगादिशूच्या सरकारखाली राहू, सोमालीलँडही नको आणि पुंटलँडही नको. एसएससी-खातुमो नावाने त्यांनी आपला कारभार सुरू केला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मोगादिशूने तो मान्यही केला. म्हणजे कागदाची सीमाही तिथे चालली नाही आणि नात्याचीही पूर्ण चालली नाही. धुलबहांते एक जुनी गोष्ट आवर्जून सांगतात, की इंग्रजांनी इसाक (सोमालीलँडमधलं सगळ्यात मोठं कुळ), वरसंगेली वगैरेंबरोबर संरक्षणाचे करार केले, आमच्याशी कधी केलाच नाही, आम्ही तर सय्यद मोहम्मद अब्दुल्ला हसन या धर्मनेत्याच्या दरवेश फौजेत इंग्रजांशी लढत होतो, मग इंग्रजांच्या हद्दीवरून आमचा हिशोब का लावता? याला उत्तर देणं सोपं नाही. याच सूल भागात तलेह आहे, दरवेशांचा दगडी किल्ला, १९२० मध्ये इंग्रजांनी त्याच्यावर विमानांतून बॉम्ब टाकले होते.

परकीय फौजांच्या बाबतीत पण हाच फरक दिसतो आणि तोही लोक एकत्र कालवतात. सोमालिया म्हटलं की सगळ्यांना १९९३ ची मोगादिशूतली लढाई आठवते, दोन हेलिकॉप्टर पडली, १८ अमेरिकन सैनिक गेले, सोमाली माणसं शेकडोंनी गेली आणि त्यांचा नीट आकडा आजही कोणी सांगत नाही. ते सगळं दक्षिणेत. आपली भारतीय ब्रिगेडही त्या काळात संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत होती, ती बैदोआ भागात, तेही दक्षिणेतच. त्याच १९९३ मध्ये सोमालीलँडची वडीलधारी मंडळी बोरामा गावात कित्येक महिने बसून, खर्च मुख्यतः आपला आपण करून, भांडणं मिटवत होती, आणि तिथून वडीलधाऱ्यांचं ‘गुर्ती’ हे सभागृह आणि राष्ट्राध्यक्ष एगाल यांचं सरकार उभं राहिलं. तिथे परकीय फौज नव्हती. नंतरही आपापसात लढाया झाल्या, नाही असं नाही, पण त्या त्यांनीच मिटवल्या.

पुंटलँडही घरच्या घरी बैठक घेऊनच उभं राहिलं, गरोवेत १९९८ मध्ये. पण त्याचा पहिला अध्यक्ष अब्दुल्लाही युसुफ, तो २००४ मध्ये सगळ्या सोमालियाच्या हंगामी सरकारचा राष्ट्राध्यक्ष झाला, आणि त्याच्या सरकारला टिकवायला २००६ च्या डिसेंबरमध्ये इथिओपियाची फौज मोगादिशूपर्यंत गेली. मोगादिशूत तेव्हा इस्लामी न्यायालयांच्या संघटनेची सत्ता होती, ती गेली आणि त्यातूनच अल-शबाब ही दहशतवादी संघटना जोरात आली. इथिओपिया २००९ च्या सुरुवातीला बाहेर पडला, आफ्रिकन युनियनची फौज २००७ मध्ये आली ती नावं बदलत बदलत अजून तिथे आहे. सांगायचं काय, की पुंटलँड वेगळा देश व्हायला बघत असतं तर त्याचा संस्थापक मोगादिशूच्या खुर्चीसाठी एवढं करायला गेलाच नसता. सोमालीलँडचा कुठलाही अध्यक्ष पदावर असताना मोगादिशूची खुर्ची मागायला गेलेला नाही.

आज मात्र दोघांच्याही दारात बाहेरचे आहेत. बर्बेरा बंदर दुबईच्या डीपी वर्ल्डकडे, बोसासो बंदराचा करारही त्याच घरात, आणि पुंटलँडचं सागरी पोलीस दल अमिरातीच्या पैशावर चालत आलंय. १ जानेवारी २०२४ ला सोमालीलँडने इथिओपियाशी समुद्रकिनाऱ्याचा करार केला तेव्हा मोगादिशू खवळलं, त्याच वर्षी तुर्कीला मध्यस्थी करावी लागली. पुंटलँड २०२५ मध्ये ‘काल मिस्काद’ नावाच्या डोंगरात आयसिसशी लढत होतं आणि वरून अमेरिकेची विमानं मदतीला होती.

शेवटी एक शब्दाबद्दल, कारण तो मला रोज खुपतो. मराठीत या सगळ्याला ‘टोळ्या’ म्हणतात. सोमाली टोळ्यांचं भांडण, टोळीप्रमुख, टोळीयुद्ध. टोळी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर दरोडेखोर येतात नाहीतर मुंबईतल्या गँगा. गराद हा टोळीप्रमुख नाही, पिढ्यान् पिढ्या चालत आलेला मान आहे तो, आणि सोमाली माणूस स्वतःच्या दहा-दहा पिढ्यांतल्या बापजाद्यांची नावं तोंडपाठ म्हणतो. आपल्याकडे कुळ हा शब्द आहे, घराणं आहे, भावकी आहे. सूल-सनागमधल्या लोकांचं काय चाललंय हे ‘भावकी’ म्हटल्यावर मराठी माणसाला जेवढं पटकन कळेल तेवढं ‘टोळी’ने कधीच कळणार नाही. मी कुळ लिहितो, तुम्हीही लिहा.