शिष्यवृत्ती परीक्षा आणि एनएमएमएस: पालकांचे काम नेमके कुठे वेगळे होते?

‘स्कॉलरशिपचा फॉर्म भरला का?’ असे पालक एकमेकांना विचारतात, तेव्हा कोणती स्कॉलरशिप याचा खुलासा सहसा कोणी करत नाही. एकाच्या मनात राज्य शासनाची शिष्यवृत्ती परीक्षा असते, तर दुसऱ्याच्या मनात एनएमएमएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती योजना परीक्षा. हा घोटाळा होणे स्वाभाविकच आहे. दोन्ही परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते, दोन्हींत बहुपर्यायी प्रश्न असतात, दोन्हींत बुद्धिमत्तेचा भाग मोठा असतो आणि दोन्हींचे अर्ज शाळेमार्फतच भरले जातात. तरीही एकीत पालकाची खरी मदत अभ्यासाच्या टेबलाजवळ लागते, तर दुसरीत ती तेवढीच, किंबहुना थोडी अधिकच, कागदपत्रांच्या बाबतीत लागते. हा फरक वेळेवर लक्षात न आल्यामुळे हुशार मुलांच्या संधी जातात.

राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा ही गुणवत्तेची परीक्षा आहे. शासनमान्य शाळेतील कोणत्याही मुलाला, घरचे उत्पन्न कितीही असले तरी, तिला बसता येते. २०१६-१७ पासून ती चौथी व सातवीऐवजी पाचवी व आठवीत घेतली जाऊ लागली, आणि २०२५ मध्ये शासनाने ती पुन्हा चौथी व सातवीकडे नेण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे मोठ्या भावंडाच्या अनुभवावर विसंबून राहणाऱ्या घरांनी आपल्या मुलाची परीक्षा कोणत्या इयत्तेत आहे, हे शाळेत एकदा विचारून घ्यावे. शिष्यवृत्तीची रक्कम खालच्या स्तरावर (पाचवी, नव्या निर्णयानुसार चौथी) वर्षाला ५,००० रुपये आणि वरच्या स्तरावर (आठवी, नव्या निर्णयानुसार सातवी) ७,५०० रुपये आहे. मात्र उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकाला ती मिळत नाही, कारण शिष्यवृत्त्यांची संख्या ठरलेली असून त्या गुणवत्ता यादीतील क्रमानेच दिल्या जातात.

एनएमएमएस ही केंद्र सरकारची योजना २००८ मध्ये सुरू झाली. आठवीनंतर पैशांअभावी शाळा सुटू नये, हा तिचा उद्देश असून तिच्या अटी त्यातूनच आलेल्या आहेत. पालकांचे वार्षिक उत्पन्न ३,५०,००० रुपयांपेक्षा अधिक नसावे, मूल शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत आठवीत शिकत असावे, आणि सातवीत त्याला किमान ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींसाठी ५० टक्के) गुण मिळालेले असावेत. विनाअनुदानित शाळा, केंद्रीय विद्यालय आणि नवोदय विद्यालय यांतील मुले तिला पात्र नाहीत. निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी अशी चार वर्षे दरमहा १,०००, म्हणजे वर्षाला १२,००० रुपये मिळतात. देशभरातील १,००,००० शिष्यवृत्त्यांपैकी महाराष्ट्राच्या वाट्याला ११,६८२ येतात आणि त्या जिल्हानिहाय व प्रवर्गनिहाय वाटल्या जातात. उत्पन्न मर्यादेत बसत नसतानाही कसाबसा दाखला मिळवून मुलाला या परीक्षेला बसवणारे पालक आपल्याच गावातील एखाद्या गरजू मुलाची जागा घेत असतात, हे येथे स्पष्टपणे सांगितलेले बरे.

आता प्रश्नपत्रिकांकडे वळू, कारण तयारीचा सर्वाधिक गोंधळ तेथेच होतो. शिष्यवृत्ती परीक्षेत दोन पेपर असतात. पहिला प्रथम भाषा व गणित यांचा आणि दुसरा तृतीय भाषा व बुद्धिमत्ता चाचणी यांचा. प्रत्येक पेपरात ७५ प्रश्न, १५० गुण आणि ९० मिनिटे असतात. एकूण ३०० गुणांपैकी गणिताला १००, बुद्धिमत्तेला १०० आणि दोन भाषांना प्रत्येकी ५० गुण आहेत. पात्र ठरण्यासाठी प्रत्येक पेपरात स्वतंत्रपणे ४० टक्के गुण लागतात, म्हणून एका पेपरातील भरघोस गुण दुसऱ्या पेपराची उणीव भरून काढू शकत नाहीत. एनएमएमएसमध्येही दोनच पेपर असतात, ज्यांना शाळेत ‘मॅट’ आणि ‘सॅट’ म्हटले जाते. बौद्धिक क्षमता चाचणीत ९० प्रश्नांसाठी ९० मिनिटे मिळतात. शालेय क्षमता चाचणीतही तितकेच प्रश्न आणि तितकाच वेळ असतो, आणि त्यांपैकी ३५ प्रश्न सामान्य विज्ञानाचे, ३५ समाजशास्त्राचे व २० गणिताचे असतात. भाषेवर एकही प्रश्न नाही. याचा अर्थ असा की केवळ शिष्यवृत्तीचे मार्गदर्शक पुस्तक सोडवून एनएमएमएसला बसलेल्या मुलाचे १८० पैकी ७० गुणांचे विषय जवळजवळ कोरेच राहतात. उलट इतिहास-भूगोलावर महिनोन्‌महिने घालवलेल्या मुलाला त्या कष्टांचा शिष्यवृत्ती परीक्षेत काहीच उपयोग होत नाही.

विज्ञान आणि समाजशास्त्राच्या बाबतीत पालकांनी वेगळे संच विकत आणण्यापेक्षा सातवी व आठवीची पाठ्यपुस्तके पुन्हा बाहेर काढावीत, असे माझे मत आहे. प्रश्न त्याच अभ्यासक्रमावर येतात, आणि नवी इयत्ता सुरू होताच सातवीची पुस्तके रद्दीत देण्याची आपली सवय येथे महागात पडते. ज्या आई-वडिलांचे शिक्षण कमी झाले आहे, त्यांनाही येथे चांगली मदत करता येते. धडा उघडून मुलाला पुस्तक न पाहता त्यातील जेवढे आठवते तेवढे सांगायला लावावे, आणि जे राहून गेले ते नंतर पुस्तकात शोधायला सांगावे. धडा पुन्हा पुन्हा वाचल्याने सारे येत असल्याचा भास होतो, तर न पाहता सांगू लागल्यावर कोणता भाग कच्चा आहे ते ताबडतोब उघडे पडते. ऐकणाऱ्या पालकाला उत्तर माहीत असण्याची गरज नसते, कारण पडताळणी पुस्तकच करते.

गणित आणि बुद्धिमत्ता हे दोन्ही परीक्षांना समान असलेले भाग असले, तरी त्यांचा वेग सारखा नाही. शिष्यवृत्तीत एका प्रश्नाला सरासरी ७२ सेकंद मिळतात, एनएमएमएसमध्ये अवघे ६०. बारा सेकंदांचा हा फरक कागदावर क्षुल्लक वाटला, तरी संख्यामालिकेत किंवा आकृत्यांच्या प्रश्नात अडून बसणाऱ्या मुलाला तो चांगलाच जाणवतो. म्हणून एनएमएमएसच्या सराव पेपरला घड्याळ लावून बसवावे आणि अडलेला प्रश्न सोडून पुढे जाण्याची सवय मुद्दाम लावावी. या दोन्हींपैकी कोणत्याही परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, तेव्हा शेवटच्या काही मिनिटांत सोडलेल्या प्रश्नांकडे परत येऊन एकही प्रश्न कोरा न ठेवणे, हेही सरावातच शिकवायला हवे. पेपर संपल्यावर ‘किती गुण पडले?’ हे विचारण्याआधी ‘कोणते प्रश्न चुकले आणि का?’ हे विचारावे. रीत माहीत नव्हती, आकडेमोड चुकली की प्रश्नच नीट वाचला नाही, या तीन कारणांवरचे उपाय तीन निराळे आहेत. त्यांपैकी शेवटच्या दोन कारणांवर शिकवणीचा फारसा उपयोग होत नाही.

उत्तरपत्रिकेच्या बाबतीत एक धोका विशेष सांभाळावा लागतो. शिष्यवृत्तीच्या वरच्या स्तरावर प्रत्येक पेपरात जास्तीत जास्त २० टक्के प्रश्नांना दोन अचूक पर्याय असतात, आणि त्या प्रश्नांत दोन्ही वर्तुळे रंगवली तरच गुण मिळतात. एनएमएमएसमध्ये मात्र प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर असते आणि दोन वर्तुळे रंगवल्यास तो प्रश्न वाया जातो. जे मूल दोन्ही परीक्षा देते, त्याचा हात सवयीने चुकू शकतो. त्यातच पेनने रंगवलेले वर्तुळ खोडता येत नाही. म्हणून घरच्या सरावातही उत्तरे नुसती वहीत न लिहिता छापील उत्तरपत्रिकेवरच नोंदवून घ्यावीत.

एनएमएमएसची कागदपत्रे हा तर खास पालकांचाच प्रांत आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि तो अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात सेतू केंद्रावर रांग लावून मिळवण्यापेक्षा जून-जुलैमध्येच काढून ठेवणे शहाणपणाचे ठरते. त्याहून नाजूक बाब नावाची आहे. शाळेचे जनरल रजिस्टर, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक या तिन्ही ठिकाणी मुलाचे नाव, वडिलांचे नाव व जन्मतारीख अगदी जुळणारी असावी लागते. पुढे रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यातच थेट जमा होते, आणि एखाद्या अक्षराच्या फरकानेही ती अडकून पडते. शिक्षक अर्ज भरतात म्हणून सारे बरोबर असेल, असे गृहीत धरू नये. भरलेल्या अर्जाची प्रत मागून घेऊन ती स्वतः एकदा वाचावी. शिष्यवृत्ती परीक्षेत उत्पन्नाचा प्रश्न नसल्यामुळे हे काम बरेच हलके असते, तरी नाव आणि माध्यम तपासून घ्यावेच.

परीक्षेनंतर परिषद आपल्या संकेतस्थळावर अंतरिम उत्तरसूची प्रसिद्ध करते आणि ठरावीक मुदतीत तिच्यावर आक्षेप नोंदवता येतात. घरी आणलेली प्रश्नपत्रिका त्यासाठी जपून ठेवावी.

निकालानंतर मात्र दोन्ही वाटा पूर्णपणे वेगळ्या होतात. शिष्यवृत्ती परीक्षेचा लाभ पुढे शाळेमार्फत चालू राहतो. एनएमएमएसच्या विद्यार्थ्याला नववीत राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नव्याने नोंदणी करावी लागते आणि त्यानंतर दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. ते राहिले, तर निवड झालेली असूनही पैसे येत नाहीत. दहावीत किमान ६० टक्के (अनुसूचित जाती-जमातींसाठी ५५ टक्के) गुण मिळवावे लागतात, आणि अकरावीला प्रवेश घेताना कनिष्ठ महाविद्यालयाची तुकडी अनुदानित आहे ना, हे पाहावे लागते. निवड यादीत नाव न आल्यास निराश होऊन निकालपत्र टाकून देण्याची घाईही करू नये. मराठा, कुणबी, मराठा-कुणबी आणि कुणबी-मराठा समाजातील जे विद्यार्थी एनएमएमएस उत्तीर्ण होतात पण निवडीत बसत नाहीत, त्यांच्यासाठी सारथी या राज्य शासनाच्या संस्थेची छत्रपती राजाराम महाराज सारथी शिष्यवृत्ती असून तिच्यातून वर्षाला ९,६०० रुपये मिळतात. तिच्यासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही, पण अर्ज मात्र वेगळा भरावा लागतो.